कव्हरवरचा फंड आणि घरातला पगार

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक 31 वर्षांचे आहेत. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर, पगार वर्षाला आठ लाखांच्या आसपास. राहतात मनीषनगरला. पत्नी शाळेत कंत्राटी शिक्षिका, मुलगी दोन वर्षांची, घराचं कर्ज चालू. दीड वर्षापूर्वी गुंतवणूक शिकायची म्हणून त्यांनी अर्थविषयक मासिकं घ्यायला सुरुवात केली, आधी बर्डीवरच्या स्टॉलवरून, मग वर्गणी भरून. आता घरी तीन मासिकं येतात. ती वाचून वाचून सात फंडांत एसआयपी, म्हणजे दर महिन्याचे ठरावीक हप्ते, सुरू झाल्या, सगळ्या मिळून महिना 14,000 रुपये, शिवाय चार कंपन्यांचे थोडे थोडे शेअर. त्यातला संरक्षण क्षेत्राचा फंड घेतल्यापासून खालीच आहे. ज्या मासिकाने तो सुचवला, त्याने नंतर त्याचं नावही काढलं नाही. पत्नी म्हणते, वर्गणी बंद करा आणि मुलीच्या नावाने आरडी काढा. वडिलांनी बेसाला प्लॉट बघून ठेवलाय. ऑफिसातला मित्र म्हणतो, मासिकं कोण वाचतं आता, यूट्यूब बघ. आणि वर्गणीच्या नूतनीकरणाचं पत्र येऊन पडलंय. त्यांचे प्रश्न दोन: नवख्या माणसाला ही मासिकं खरंच उपयोगाची असतात का? आणि सगळे फंड विकून पैसे एकातच टाकावेत का?

नमस्कार,

वर्गणीचं आधी सांगून टाकते. तीनपैकी दोन बंद करा, एक ठेवा. कुठलं ठेवायचं ते पुढे बघू. त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, त्याबद्दल बोलू. तुम्ही लिहिता, ‘मासिकाने मला हा फंड घ्यायला लावला.’

लावला का हो? त्याच अंकात कर्जाच्या व्याजावर लेख असेल, विम्याच्या दाव्यांवर असेल, कुणाच्या तरी इच्छापत्राची गोष्ट असेल. त्यातलं काही तुम्ही लगेच केलं नाहीत. केलं ते फक्त कव्हरवरचं. तुम्हाला दोष देत नाही, बहुतेकांचं असंच होतं. पण ‘काय घ्यायचं’ हे मासिक सांगेल, ही अपेक्षा घेऊन तुम्ही ते उघडलंत आणि त्या अपेक्षेतच गोम आहे.

संपादकाच्या खुर्चीत बसून बघा. नवख्या पगारदाराने करायच्या गोष्टी एका पानात मावतात. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, कमावत्या माणसाचा टर्म विमा, घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा, एक-दोन साधे फंड आणि पुढची पंधरा वर्षं त्यांना हात न लावणं. झालं. हे जानेवारीच्या अंकात छापलं तर फेब्रुवारीत काय छापायचं? मासिक दर महिन्याला निघतं, म्हणून त्याला दर महिन्याला नवं काहीतरी हवं. जानेवारीत नव्या वर्षाचे दहा फंड, फेब्रुवारीत अर्थसंकल्प, मार्चमध्ये करबचत, दिवाळीला मुहूर्ताचे शेअर, आणि मधल्या महिन्यांत जे क्षेत्र बाजारात गाजतंय ते. यात लबाडी नाही, तो धंदाच तसा आहे. फक्त त्यांच्या वेळापत्रकाचा तुमच्या पगाराशी काही संबंध नाही. तुमचा फंड सहा महिने कुणी आठवला नाही याचं कारणही हेच. पुढच्या अंकाचं कव्हर दुसरं होतं.

गंमत म्हणजे, दर मार्चला येणारं करबचतीचं कव्हर तुमच्यासाठी नाहीच. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शनची सरसकट वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. तुमचा पगार आठ लाख. करबचतीच्या गुंतवणुकीवरची 80सीची वजावट नव्या प्रणालीत मिळतच नाही. म्हणजे तुमच्या सात फंडांतला ईएलएसएस, म्हणजे करबचतीचा शेअर फंड, ज्याचे पैसे तीन वर्षं अडकतात, तुम्ही न लागणारा कर वाचवायला घेतलाय. ही चूक मासिकाची म्हणायची की आपण कुठल्या प्रणालीत आहोत हे न बघता वाचण्याची, ते तुम्हीच ठरवा.

दर महिन्याला काहीतरी करत राहण्याची किंमत किती असते, याचा एक जुना अभ्यास आहे. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची 66,465 घरांची खाती तपासली, 1991 ते 1996 या काळातली. ज्यांनी सगळ्यात जास्त खरेदी-विक्री केली त्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले. त्याच काळात बाजाराने 17.9 टक्के दिले होते. ती माणसं अडाणी नव्हती. हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमलं नाही, एवढंच.

मग मासिकं रद्दीत घालायची का? नाही. उलट रद्दीतून आणायची. हे मी चेष्टेने म्हणत नाही.

नवख्याने ताज्या अंकाआधी जुने अंक वाचावेत. धरमपेठ, महाल, धंतोली, जवळ असेल त्या वाचनालयात चौकशी करा. जुन्या अंकांचे गठ्ठे बांधून कोपऱ्यात पडलेले असतात. नाहीतर रद्दीवाल्याला सांगून ठेवा. ‘दलाल स्ट्रीट इन्व्हेस्टमेंट जर्नल’ 1986 पासून निघतंय, ‘आउटलुक मनी’ 1998 साली सुरू झालं, तेव्हा जुन्या अंकांचा तुटवडा पडायचा नाही. शक्य झालं तर दोन अंक मुद्दाम मिळवा, एप्रिल किंवा मे 2020 चा आणि एप्रिल किंवा मे 2021 चा. दोन्हींतला फंडांचा तक्ता काढून शेजारी शेजारी ठेवा आणि एका वर्षाच्या परताव्याच्या रकान्यावर बोट ठेवा.

मार्च 2019 च्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी, 29 तारखेला, सेन्सेक्स 38,673 वर बंद झाला होता. 31 मार्च 2020 ला, कोरोनाच्या पडझडीत, 29,468. म्हणजे पहिल्या तक्त्यातल्या लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या, फंडांसमोर साधारण उणे 24 टक्क्यांच्या आगेमागे आकडे दिसतील. 31 मार्च 2021 ला सेन्सेक्स 49,509. दुसऱ्या तक्त्यात तेच फंड, बहुतेक तेच मॅनेजर, आणि परतावा 60-70 टक्क्यांच्या घरात. पहिला तक्ता बघून माणूस पळून गेला असता, दुसरा बघून कर्ज काढून आला असता. आणि ज्याने दोन्ही वर्षं काहीच केलं नाही त्याला? 38,673 चे 49,509 झाले. वर्षाला 13 टक्के. पहिल्या अंकातही हा आकडा नाही आणि दुसऱ्यातही नाही. तो दोन्ही एकत्र ठेवल्यावरच दिसतो.

मग आणखी एक करा. तीन-चार वर्षांपूर्वीच्या अंकातली ‘सर्वोत्तम दहा’ यादी घ्या आणि ते फंड आज कुठे आहेत ते मोबाइलवर बघा. काही छान चालले असतील, काही मधल्या रांगेत गेले असतील, एखाद्याचं नाव बदललं असेल किंवा तो दुसऱ्या योजनेत विलीन झाला असेल. तुमच्या संरक्षण फंडाबद्दलचा राग यानंतर बराच उतरेल असं मला वाटतं.

शिकण्यासाठी शिळा आकडाच बरा, हे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीलाही मान्य दिसतं. जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीने म्हटलं की, जे केवळ शिक्षण देतो म्हणतात त्यांनी उदाहरणांत आधीच्या तीन महिन्यांतल्या बाजारभावांचा आधार घ्यायचा नाही. ताजा भाव दाखवला की शिकवणं संपून ‘हे घ्या’ सुरू होतं, असाच त्याचा अर्थ.

जुन्या अंकांत कराचे आणि नियमांचे लेख मात्र वगळा, ते घातक ठरू शकतात. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर 10 टक्के कर आणि एक लाखाची सूट असं तिथे वाचाल. 23 जुलै 2024 पासून कर साडेबारा टक्के आणि सूट सव्वा लाख आहे. एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट (रोख्यांच्या) फंडांचा इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाई वजा करून नफा मोजण्याचा, फायदा गेला. विम्याच्या हप्त्यांत 18 टक्के जीएसटी धरलेला असेल, तो 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर शून्य झालाय. तेव्हा स्वभाव जुन्या अंकातून शिका, नियम ताज्या अंकातून.

आता ताजा अंक. तो मागून उघडा. बहुतेक मासिकांत फंडांचे तक्ते शेवटी असतात आणि बारीक टायपात असतात. त्यात आपण परताव्याचा रकाना बघतो आणि एक्स्पेन्स रेशोचा, म्हणजे फंड दरवर्षी कापून घेतो त्या खर्चाचा, सोडतो. तिथेच तर पैसा आहे. समजा महिना 5,000 रुपये, 20 वर्षं. वर्षाला 12 टक्के मिळाले तर साधारण 50 लाख होतात. 12 हा हिशेबापुरता धरलेला आकडा आहे, कुणी त्याची हमी दिलेली नाही. खर्चापोटी त्यातला एक टक्का जास्त गेला आणि 11 मिळाले, तर पावणेचव्वेचाळीस लाखांच्या आत. सव्वासहा लाखांचा फरक, तोही एका टक्क्याने. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन आहे. त्यात एजंटाचं कमिशन नसतं म्हणून खर्च कमी. तुमचे सात फंड डायरेक्ट आहेत की रेग्युलर हे पत्रात नाही. बहुधा तुम्हालाही ठाऊक नसावं. एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून ईमेलवर येणारं एकत्रित खाते विवरण, ज्याला सगळे सीएएस म्हणतात, ते उघडा, योजनेच्या नावातच लिहिलेलं असतं. रेग्युलर असणं म्हणजे पाप नव्हे. एजंट कागदपत्रं बघत असेल, पडझडीत तुम्हाला विकण्यापासून थांबवत असेल, तर त्याने घेतलेलं कमिशन वसूल होतं. पण फंड तुम्हीच मासिकातून निवडणार आणि कमिशन दुसरा कुणी घेणार, हा व्यवहार काही मला पटत नाही.

अंकातलं माझं सगळ्यात आवडतं पान कुठलं सांगू? एखाद्या कुटुंबाचा पगार, कर्ज, खर्च, विमा मांडून सल्लागार त्याची तपासणी करतो, ते. त्यातली माणसं तुमच्या-आमच्यासारखी असतात आणि चुकाही आपल्याच असतात. चार पॉलिसी, पण विम्याची रक्कम वर्षाच्या पगाराएवढीही नाही. प्लॉट दोन, पण रात्री दवाखान्यात भरायला हाताशी पैसे नाहीत. ते पान वाचताना सल्लागाराचं उत्तर आधी झाका, स्वतः उत्तर लिहा, मग ताडून बघा. कुठलं मासिक ठेवायचं हा तुमचा प्रश्न इथे सुटतो. ज्यात हे पान आणि वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यात सविस्तर असतील ते ठेवा. ज्याच्या कव्हरवर ‘आत्ताच घ्या’ सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं ते सोडा. मराठीतच वाचायचं असेल तर ‘लोकसत्ता’ची सोमवारची ‘अर्थवृत्तान्त’ पुरवणी आहेच, पेपरच्या पैशात.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. नव्या फंडाची, म्हणजे एनएफओची जाहिरात ज्या अंकात पानभर असते, त्याच अंकात त्या विषयावर लेख असेल तर तो दोनदा वाचा. ‘प्रायोजित’ किंवा तत्सम शब्द पानाच्या कोपऱ्यात लपलेला असतो. आणि दहा रुपयांचं युनिट म्हणून ते स्वस्त ठरत नाही. तुमचे पैसे दहा टक्के वाढायचे असतील तर दहाच्या युनिटवरही तेवढेच वाढतात आणि पाचशेच्याही.

मित्राचं यूट्यूब. मासिकाच्या बाजूने एक गोष्ट नक्की बोलेन, छापलेलं राहतं. 2021 साली कुणी काय सुचवलं होतं ते आज काढून दाखवता येतं. व्हिडिओ डिलीट होतो, टेलिग्रामचा ग्रुप रातोरात बंद होतो. मित्र जर ऑप्शनचे, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावण्यासारख्या सौद्यांचे, व्हिडिओ बघत असेल तर त्याला सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल दाखवा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. सल्ला देणारा कुणीही असो, नोंदणी क्रमांक विचारा. गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने सुरू होतो, रिसर्च अॅनालिस्टचा आयएनएचने, फंड विकणाऱ्याकडे एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो. सेबीच्या संकेतस्थळावर नाव घालून पहिले दोन पडताळता येतात, एआरएन अॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर.

बाबांचा प्लॉट. त्यांना ‘जुन्या विचारांचे’ म्हणून झटकू नका. त्यांच्या पिढीच्या प्लॉटांनी पैसे दिले त्यात नागपूर वाढल्याचा वाटा आहेच. पण प्लॉटचा भाव रोज मोबाइलवर दिसत नव्हता आणि विकायला सहा चकरा माराव्या लागत, म्हणून ते वीस-वीस वर्षं तसेच राहिले, याचाही मोठा वाटा आहे. फंडात नेमकं तेच धरून ठेवणं तुम्हाला जमत नाहीये. बाकी बेसाचा प्लॉट बघायचाच असेल तर एनए (बिगरशेती) आहे का, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाची मंजुरी आहे का, आरएल (रिलीज लेटर) निघालंय का, हे वकिलाकडून तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि घराचा हप्ता चालू असताना दुसरं कर्ज काढून तर मुळीच नको.

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मुलीच्या नावाने सुरक्षित काहीतरी हवंच. पण आरडीऐवजी सुकन्या समृद्धी बघा. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. वर्षाला कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. जानेवारी 2024 पासून त्यावर 8.2 टक्के दर मिळू लागला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, तेव्हा खातं उघडताना चालू दर विचारून घ्या. व्याज करमुक्त आहे, आरडीचं नाही. मात्र हे पैसे मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत जवळपास विसरायचे. वहिनींची नोकरी कंत्राटी आहे हे लक्षात घेता, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा आणि मग सुकन्या. तुमच्या पत्रात सात फंडांची नावं आहेत, पण टर्म विमा आहे की नाही याबद्दल एक अक्षर नाही. कर्ज तुमच्या डोक्यावर आहे, मुलगी दोन वर्षांची आहे. कंपनीचा विमा नोकरी सुटली की सुटतो.

आता सात फंड. सगळं विकून एकात टाकू का? नको, घाई नको. तुमच्याकडे दोन लार्ज कॅप आहेत. सेबीच्या नियमाप्रमाणे लार्ज कॅप फंडाला किमान 80 टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवावे लागतात. दोघेही त्याच शंभरातून उचलतात. वरच्या पाच नावांची तुलना करा, निम्मी तरी सारखी निघतील. दोन स्मॉल कॅपचंही, म्हणजे लहान कंपन्यांच्या फंडांचंही, कमीअधिक तसंच. तेव्हा एक लार्ज कॅप किंवा साधा इंडेक्स फंड (निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा) आणि तुमचा फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा), एवढ्यांची एसआयपी चालू ठेवा. स्मॉल कॅप ठेवायचाच तर एक आणि रक्कम लहान. बाकीच्यांचे नवे हप्ते थांबवा. एसआयपी थांबवायला दंड नसतो.

जे जमलंय ते टप्प्याटप्प्याने काढा. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते, त्यामुळे वर्षही प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर, आणि बऱ्याच फंडांत एक टक्क्याच्या आसपास एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क. बारा लाखांपर्यंत कर नाही ही सवलत या अल्पकालीन नफ्याला मिळत नाही, हे लोक विसरतात. वर्ष उलटलेल्या युनिट्सचं तसं नाही. तुम्ही एकूण फार तर अडीच लाख भरले असतील, त्यावरचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या सुटीत सहज मावेल. ईएलएसएसच्या प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र तीन वर्षं लागतात, तो पडून राहू द्या. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हीसुद्धा करासाठी विक्रीच धरतात, म्हणून तेही वर्ष उलटलेल्यांपासून सुरू करा. संरक्षणाचा फंड तोट्यात आहे म्हणून ‘वर आला की विकतो’ असं धरून बसू नका. आज हातात रोख असती तर हा फंड घेतला असता का, असं स्वतःला विचारा. उत्तर नाही आलं तर विका. तो तोटा दुसऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, उरलेला पुढच्या वर्षांत न्यायचा असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा.

हे सगळं करायला एक रविवार पुरेल. वहिनींना शेजारी बसवा, सीएएसची प्रिंट काढा, पेन त्यांच्या हातात द्या. नॉमिनी कोण आहे तेही त्याच वेळी बघून घ्या. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बरेचदा आईचं किंवा भावाचं नाव राहून गेलेलं असतं.

चार शेअरांबद्दल तुम्ही कंपन्यांची नावं लिहिलीत, पण रक्कम आणि खरेदीची तारीख लिहिली नाही. एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या आत असतील तर शिकण्याचा खर्च समजून ठेवा आणि त्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला घ्या. त्याहून जास्त असतील तर आकड्यांसकट पुन्हा लिहा.